वारा कुठे नेईल, किती नेईल: किरणोत्सर्गी लोटाचं गणित

जून २०२५ मध्ये नतांझ, इस्फहान आणि फोर्डो इथल्या इराणी अणुकेंद्रांवर हल्ले झाले आणि तोच जुना प्रश्न पुन्हा कानावर आला: तिकडचं वारं इकडे आलं तर? केंद्रांच्या आवाराबाहेर किरणोत्सर्गाची पातळी वाढलेली नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सांगितलं. पण अशा वेळी फोनवर नकाशे यायचे थांबत नाहीत. त्यांतला एक तर २०११ पासून फिरतो आहे. जपानच्या किनाऱ्यावरून पॅसिफिकभर पसरलेल्या लाल-जांभळ्या जिभा आणि खाली मजकूर, ‘फुकुशिमाचा किरणोत्सर्ग’. नकाशा खरा आहे, अमेरिकेच्या सागर व वातावरण संस्थेनेच काढलेला आहे. फक्त तो त्सुनामीच्या लाटांच्या उंचीचा आहे. कडेच्या रंगपट्टीवर एकक छापलेलं आहे: सेंटिमीटर.

किरणोत्सर्गाचे खरेखुरे नकाशेही असतात. अणुभट्टीतून काही बाहेर पडलं तर ते कुठल्या गावाकडे जाईल, तिथल्या माणसांच्या शरीराला किती मात्रा बसेल, याचा अंदाज करणारी सॉफ्टवेअर गेली चार दशकं वापरात आहेत. त्यांचं काम समजायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. आणि ते समजून घ्यावं असं मला कळकळीने वाटतं, कारण २०११ च्या फुकुशिमा अणुभट्टीच्या अपघातावेळी असा एक नकाशा तयार होता आणि ज्यांना तो हवा होता त्यांच्यापर्यंत तो पोचला नाही.

ठसका शेजारी कसा पोचतो

फोडणीत सुक्या मिरच्या टाकल्या आणि नेमका फोन वाजला. परत येईपर्यंत मिरच्या करपून काळ्या. आधी आपल्याला ठसका लागतो, मग बाहेरच्या खोलीत कोणीतरी खोकतं, आणि थोड्या वेळाने शेजारच्या घरातून ‘अहो, काय जाळलंत?’ अशी हाक येते. वरच्या मजल्यावर मात्र कुणाला पत्ताच नसतो.

शेजाऱ्याला किती ठसका लागेल हे आधीच सांगायचं असेल तर काय काय माहीत हवं? कढईत किती मिरच्या होत्या, किती करपल्या, वारा कुठल्या खिडकीकडे वाहत होता, खिडकी आणि शेजारचं दार यांत अंतर किती, त्या घरात कोण होतं आणि त्यांनी दार लावून घेतलं की उघडंच ठेवलं. किरणोत्सर्गी लोटाचं सॉफ्टवेअर हेच प्रश्न याच क्रमाने विचारतं. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाचं ‘रास्कल’, चेर्नोबिलनंतर युरोपने उभं केलेलं ‘रोडोस’, लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचं ‘हॉटस्पॉट’, जपानचं ‘स्पीडी’ या सगळ्यांचा सांगाडा एकच आहे.

कढईत होतं किती

पहिला आकडा उगमाचा: कोणते पदार्थ, किती आणि किती वेळात बाहेर पडले. तो बेकरेलमध्ये मोजतात. सेकंदाला एक अणू फुटला तर एक बेकरेल. एकक इतकं चिमुकलं आहे की अपघातांचे आकडे एकावर पंधरा-पंधरा शून्यं अशा थाटात येतात. आकड्याच्या लांबीनेच घाबरून जाऊ नये ते यासाठी.

कोणता पदार्थ, हे किती याच्याइतकंच महत्त्वाचं. झेनॉन हा वायू कशाला चिकटत नाही, वरून निघून जातो. आयोडीन-१३१ दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे तीन महिन्यांत जवळपास संपतं. पण तेवढ्या दिवसांत ते गवतावर बसतं, गाईच्या पोटातून दुधात उतरतं आणि दूध पिणाऱ्या मुलाच्या गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीत जाऊन साठतं. सिझियम-१३७ निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात. ते मातीला धरून राहतं.

सगळ्यांत कच्चा आकडा हाच. स्फोट झालेला, वीज गेलेली अशा भट्टीतून किती बाहेर पडतंय हे मोजायला उपकरणं जाग्यावर नसतात. ‘रास्कल’ अशा वेळी भट्टीची अवस्था विचारतं: इंधनावरचं पाणी कधी ओसरलं, बाहेरचं कवच शाबूत आहे का. त्यावरून ते बाहेर पडणाऱ्या पदार्थांचा अंदाज बांधतं. फुकुशिमातून किती आयोडीन-१३१ बाहेर पडलं याचं संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीने २०१३ साली दिलेलं उत्तर होतं १०० ते ५०० पेटाबेकरेल (एक पेटाबेकरेल म्हणजे एकावर पंधरा शून्यं इतके बेकरेल). दोन वर्षं जगभरचे तज्ज्ञ बसल्यावरही अंदाजात पाचपटीचं अंतर. मग अपघाताच्या पहिल्या रात्री काय हाती असणार?

वाऱ्याचा हिशेब

दुसरा आकडा हवेचा, आणि तो तुलनेने बराच भरवशाचा असतो. वारा तर रोजच मोजला जातो.

सगळ्यांत सोपी पद्धत अशी: लोट वाऱ्याच्या दिशेने सरळ जातो आणि जाता जाता रुंदावतो. मध्ये दाट, कडेला विरळ. आडवा छेद घेतला तर देवळातल्या घंटेचा आकार दिसतो. तो किती झपाट्याने रुंदावेल हे हवा किती घुसळली जाते त्यावर अवलंबून. भर दुपारी तापलेली जमीन हवा वरखाली ढवळते, धूर लवकर विरतो. हिवाळ्याच्या पहाटे गावावर चुलींचा धूर कसा पट्टा होऊन तरंगत राहतो ते आठवा. तेव्हा लोट न विरता लांबवर जातो. ब्रिटिश हवामानतज्ज्ञ फ्रँक पास्क्विल यांनी १९६१ मध्ये ऊन, ढग आणि वाऱ्याचा वेग यांवरून हवेचे सहा वर्ग पाडले आणि ते अजून वापरात आहेत. ‘हॉटस्पॉट’ हे याच घराण्यातलं. साध्या लॅपटॉपवर चालतं, काही क्षणांत उत्तर देतं.

सपाट मैदानावर, काही तासांसाठी, जवळच्या अंतरावर हे ठीक आहे. डोंगर आला, समुद्र आला, वारा फिरला की सरळ रेषेचा हिशेब कोलमडतो. मग मोठी सॉफ्टवेअर हवामानाच्या अंदाजावर हजारो काल्पनिक कण सोडतात आणि तासातासाला एकेक कण कुठे पोचला ते पाहतात. नदीत पानं सोडून काठाकाठाने त्यांच्यामागे जावं, तसं.

आणि पाऊस. लोट डोक्यावरून निघून गेला तर धोका तासांचा. तोच लोट डोक्यावर असताना पाऊस पडला तर हवेतलं सगळं धुऊन खाली येतं आणि धोका वर्षांचा होतो. फुकुशिमात घडलं ते हेच.

शरीरापर्यंत पोचतं किती

हवेत किती आहे हे कळलं तरी माणसाला किती पोचलं हे निराळं. वाटा चार: वरून जाणारा लोट, श्वासातून आत गेलेला अंश, जमिनीवर बसलेला थर, आणि अन्नपाणी. चारही मिळून शरीराला बसलेली मात्रा सिव्हर्टमध्ये सांगतात. रोजच्या व्यवहारात त्याचा हजारावा भाग, मिलिसिव्हर्ट.

अंदाज यावा म्हणून: जमीन, आकाश आणि अन्न यांतून जगात सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. पोटाच्या एका सीटी स्कॅनला साधारण १०. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या निकषांत पहिल्या सात दिवसांत १०० मिलिसिव्हर्ट मिळण्याची शक्यता असेल तर लोकांना घरात थांबवणं किंवा हलवणं हे उपाय करायचे असतात. आयोडीनच्या गोळीसाठी निकष वेगळा आहे, थायरॉइडला ५० मिलिसिव्हर्ट. ती गोळी फक्त किरणोत्सर्गी आयोडीनला थायरॉइडमध्ये जागा मिळू देत नाही, बाकी कशावर तिचा उपयोग नाही, आणि आयोडीनयुक्त मीठ खाऊन तेवढं आयोडीन मिळत नाही. मार्च २०११ मध्ये चीनमधल्या दुकानांतून मीठ संपलं होतं ते या गैरसमजापोटी.

चौथ्या वाटेकडे दुर्लक्ष झालं की काय होतं ते चेर्नोबिलने दाखवलं. १९८६ मध्ये लहान असलेल्यांत पुढच्या वीस वर्षांत सहा हजारांहून अधिक थायरॉइडचे कर्करोग नोंदले गेले. त्यांतल्या मोठ्या हिश्श्यामागे आयोडीन होतं, आणि आयोडीन आलं होतं मुख्यतः दुधातून. ते दूध काही दिवस थांबवायचं होतं, एवढंच.

त्सुशिमात शिजलेला भात

११ मार्च २०११, दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप, मग त्सुनामी. रात्री तीन किलोमीटरच्या परिघातल्या लोकांना निघायला सांगितलं, पहाटे दहा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीस. नकाशावर कंपासने काढावीत तशी वर्तुळं. पण वारा कंपासने चालत नाही.

नामिये हे भट्टीशेजारचं गाव. तिथले हजारो लोक वीस किलोमीटरच्या बाहेर, वायव्येला डोंगरात असलेल्या त्सुशिमा वस्तीत गेले. भट्टीपासून सुमारे तीस किलोमीटर. सुरक्षित वाटावं असंच अंतर. तिथे मुलं बाहेर खेळली, मोठ्यांनी ओढ्याचं पाणी आणून भात शिजवला. १५ मार्चला लोट वायव्येकडे वळला, पाऊस आणि बर्फ पडलं, आणि सगळ्यांत दाट थर बसला तो त्याच दिशेच्या पट्ट्यावर. त्याच दिवशी नामियेचे लोक तिथून पुढे निघाले, पण तोवर त्यांचा मुक्काम होऊन गेला होता.

‘स्पीडी’ त्या काळात चालू होतं. त्याचं काम तासातासाला अंदाज काढण्याचं, आणि ते अंदाज निघत होते. शिक्षण मंत्रालयाकडून त्याचे निष्कर्ष १४ मार्चलाच अमेरिकी सैन्याला दिले गेले. नामियेच्या महापौरांना कोणी काही कळवलं नाही. जनतेसमोर पहिला नकाशा आला २३ मार्चला. चाळीसेक किलोमीटरवरच्या ईताते गावाला हलवायचा निर्णय तर एप्रिलमध्ये झाला.

हे लिहिताना दर वेळी मी त्या भाताशी अडखळतो. विस्थापित आईने थकलेल्या मुलासाठी केलेला गरम भात.

‘किती’ माहीत नव्हतं, मग सांगणार काय?

अधिकाऱ्यांचं म्हणणं हे होतं, आणि ते खोटं नव्हतं. भट्टीतून माहिती आणणारी यंत्रणा विजेअभावी बंद पडली होती, त्यामुळे उगमाचा आकडाच नव्हता. मग ‘स्पीडी’ चालवणाऱ्यांनी नियमाप्रमाणे ‘तासाला एक बेकरेल’ असा लहानात लहान आकडा घालून गणित केलं. असा नकाशा लोकांसमोर ठेवून काय उपयोग, असं वरच्यांना वाटलं.

आता रव्याच्या लाडवांचं प्रमाण आठवा. एका वाटीचं माहीत असलं की दहा वाट्यांचं करता येतं, सगळं दहापट. लोटाचंही तसंच आहे. एक बेकरेल सोडल्यावर ईतातेला जो वाटा पोचेल तोच वाटा कोटी बेकरेल सोडल्यावरही पोचतो; आकडा वाढतो, नकाशावरचा आकार बदलत नाही. पदार्थ वेगवेगळे असले, सोडण्याचा वेग मध्येच बदलला, तर गुंतागुंत होते हे खरं. पण ‘कुठे’ आणि ‘किती’ हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. ‘किती’ माहीत नसताना ‘कुठे’चं उत्तर हातात होतं.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. तीस किलोमीटर पळून चाललेल्या माणसाला नेमके किती मिलिसिव्हर्ट हे लागत नाही. डावीकडे जाऊ की उजवीकडे, एवढं लागतं.

जपानमध्येही यावर एकमत झालं नाही. सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचं मत असं की ते निष्कर्ष दिले असते तर निघायची वेळ आणि दिशा ठरवायला मदत झाली असती. संसदेने नेमलेल्या समितीला मात्र वाटलं की सुरुवातीच्या स्थलांतरासाठी विसंबावं इतकी अचूकता त्यांत नव्हती.

अंदाज चुकला तर माणसं मरत नाहीत का?

मरतात. या आक्षेपाला मी हलक्याने घेणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या समितीला फुकुशिमाच्या रहिवाशांत किरणोत्सर्गामुळे झालेला कोणताही आरोग्यदोष नोंदता आला नाही. पण त्याच प्रांतात स्थलांतराची दगदग, तुटलेले उपचार, निवाऱ्यातलं जगणं यांमुळे झालेल्या मृत्यूंची अधिकृत संख्या २,३०० च्या वर आहे. त्यांत म्हातारी माणसं जास्त. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना घाईने बसमध्ये घालून तासन्‌तास फिरवणं हे लोटाच्या कडेला घरात दार लावून बसण्यापेक्षा घातक ठरलं.

उलट टोकाची चूकही तेव्हाच झाली. अमेरिकेच्या नियामक आयोगाने ‘रास्कल’मध्ये वाईटात वाईट गृहीतकं भरली आणि १६ मार्चला आपल्या नागरिकांना भट्टीपासून ८० किलोमीटर दूर जायला सांगितलं. ती प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त सावधगिरी होती. म्हणजे एका देशाचं सॉफ्टवेअर बोललं नाही आणि दुसऱ्याचं गरजेपेक्षा मोठ्याने बोललं. दोन्हीकडे गणित बरोबर होतं. घोळ झाला तो आत काय भरलं आणि बाहेर आलेलं कोणापर्यंत नेलं यात.

जपानच्या नव्या नियामक मंडळाने २०१४ मध्ये ठरवलं की स्थलांतराचा निर्णय अशा अंदाजांवर घ्यायचा नाही. आधीच ठरलेल्या परिघात लगेच पावलं उचलायची आणि पुढे प्रत्यक्ष मोजमापावर जायचं. त्यामागची भीती मला समजते. लोक निघालेले असताना वारा फिरला तर अंदाजच त्यांना लोटात नेऊन सोडेल. तरीही, दिशेचा अंदाज ‘हा अंदाज आहे, तासाभराने बदलू शकतो’ असं स्पष्ट सांगून दिला तर लोक तो समजून घेतात. वादळाचा मार्ग असाच सांगितला जातो आणि कोळी त्यावर होड्या किनाऱ्याला लावतो.

मग सरळ मोजतच का नाहीत?

मोजतात, मोजलंच पाहिजे. पण मोजमाप सांगतं ते आलेलं. येणारं सांगत नाही. शिवाय मोजणारी यंत्रंही त्याच आपत्तीत सापडतात. फुकुशिमा प्रांतातल्या २४ मापन केंद्रांपैकी २३ भूकंप-त्सुनामीत निकामी झाली.

खरी ताकद दोन्ही जोडल्यावर दिसते. हवेतून, जमिनीवरून मिळालेले आकडे घेऊन तेच गणित उलटं चालवता येतं: शेजाऱ्याला एवढा ठसका लागला, तर कढईत किती मिरच्या होत्या? फुकुशिमाच्या उगमाचे पहिले अंदाज असेच निघाले, आणि २३ मार्चचा तो नकाशाही. २०१७ च्या शरद ऋतूत युरोपभर हवेत रुथेनियम-१०६ सापडलं, मात्रा आरोग्याला अपाय न करणारी. कुठून आलं हे कोणी सांगेना. फ्रान्सच्या किरणोत्सर्ग सुरक्षा संस्थेने वारे उलटे चालवून बोट ठेवलं व्होल्गा ते उरल या पट्ट्यावर. रशियाने जबाबदारी नाकारली.

आपल्या किनाऱ्यावर

तारापूरची वीजनिर्मिती १९६९ पासून चालू आहे, पालघर जिल्ह्यात, समुद्राला लागून. जैतापूरचा प्रस्ताव रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा. कारवारजवळचं कैगा गोव्यापासून लांब नाही. आपत्ती आवाराबाहेर गेली तर सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, आणि आपल्याकडच्या आपत्कालीन नियोजनात भट्टीभोवतीचा १६ किलोमीटरचा परिघ धरलेला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्ग अखंड मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं देशभर उभारलं आहे, आणि कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राने हवामानाच्या अंदाजावर लोटाचा मार्ग काढणारी प्रणाली तयार केली आहे.

किनाऱ्याचा हिशेब अवघड असतो. दिवसा खारे वारे जमिनीकडे, रात्री मतलई वारे समुद्राकडे. रात्री समुद्रावर गेलेली हवा सकाळी परत येऊ शकते, म्हणून ‘वारा समुद्राकडे आहे, चिंता नाही’ हे वाक्य सूर्योदयापर्यंतचं. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा जमिनीकडेच रोखलेला असतो आणि सरींनी लोट धुऊन जवळच खाली येऊ शकतो. डिसेंबरच्या कोरड्या हवेत तेच पदार्थ दुसरीकडे जातील. भट्टी तीच, दोन महिन्यांचे दोन नकाशे. एकच वर्तुळ बाराही महिने पुरणार नाही.

फोनवर नकाशा आला तर

‘हॉटस्पॉट’सारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कोणीही कुठलाही आकडा भरून भडक लाल लोट काढू शकतो आणि त्यात सॉफ्टवेअरचा काही दोष नसतो. म्हणून रंग पाहण्याआधी रंगपट्टी पाहा. एकक मिलिसिव्हर्ट आहे, बेकरेल आहे, की सेंटिमीटर? मात्रा तासाची आहे, आठवड्याची, की वर्षभर चोवीस तास उघड्यावर उभं राहणाऱ्या माणसाची? २३ मार्चच्या जपानी नकाशात सतत बाहेर असलेलं एक वर्षाचं बाळ गृहीत धरलं होतं; हे न वाचता पाहिलं तर काळजात धस्स होईल. नकाशा मोजलेला आहे की मोजायच्या आधीचा? उगमाचा आकडा कोणी दिला? तारीख आणि तास लिहिलेला नसेल तर तो नकाशा कुठल्या वाऱ्याचा आहे हेच कळत नाही.

‘स्पीडी’चे मार्च २०११ चे ते एक-बेकरेलचे नकाशे नंतर प्रसिद्ध झाले. १५ मार्चचा लोट वायव्येकडे वळताना त्यांत दिसतो. अमेरिकी विमानांनी पुढच्या आठवड्यांत प्रत्यक्ष मोजून काढलेल्या नकाशावर दाट पट्टा त्याच दिशेला आहे. त्सुशिमा त्या पट्ट्यात येतं. तिथे पुन्हा राहायला जायची परवानगी मिळाली ३१ मार्च २०२३ ला, तीही वस्तीच्या एका लहान भागापुरती.